गरम पाण्याचे झरे आणि मणक्यांचा संधिवात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्यांना सूज येऊन ते पुढे एकमेकांना जुळू शकतात असा संधिवात), म्हणजे रुग्णांच्या बोलण्यातला 'ए. एस.', झालेल्या लोकांना व्यायाम शिकवताना औषधांइतकेच प्रश्न पाण्याबद्दल येतात. कोणाच्या मावशीला वज्रेश्वरीला जाऊन बरं वाटलेलं असतं, कोणी ऑस्ट्रियातल्या बोगद्याचा व्हिडिओ पाहिलेला असतो. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

माझ्या मुलाला २४ व्या वर्षी कंबरदुखी आहे. ही साधी कंबरदुखी की ए. एस.?

साधी कंबरदुखी दिवसभर काम केल्यावर वाढते आणि आडवं झाल्यावर उतरते. ए. एस.चं नेमकं उलटं असतं. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, सकाळी उठल्यावर अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ अंग आखडलेलं राहतं आणि हिंडू-फिरू लागलं की सुटतं. आराम केला की वाढतं. सुरुवात बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आत, कमरेखाली दोन्ही बाजूंना असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यांपासून होते. कधी एका कुल्ल्यात दुखतं, काही दिवसांनी दुसऱ्या.

एचएलए-बी२७ या जनुकीय खुणेची रक्ततपासणी मदत करते, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. बी२७ असलेली बहुतेक माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात. निदान संधिवाततज्ज्ञाकडूनच करून घ्या. 'डिस्क सरकलीय' म्हणून वर्षानुवर्षं पट्टा बांधून झोपून राहिलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत. या आजारात झोपून राहणं हा सर्वांत वाईट सल्ला.

गरम पाण्याच्या उपचाराने खरंच गुण येतो का, की नुसती समजूत?

गुण येतो. किती, कशाने आणि किती दिवस टिकतो, यावर मात्र बोलायला हवं.

या विषयातला सर्वांत नावाजलेला अभ्यास नेदरलँड्समधल्या संशोधकांनी केला आणि तो २००१ साली प्रसिद्ध झाला. ए. एस.चे १२० रुग्ण घेऊन त्यांचे चाळीस-चाळीसचे तीन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले. पहिला गट तीन आठवड्यांसाठी ऑस्ट्रियातल्या बाड होफगास्टाइनला गेला. दुसरा नेदरलँड्समधल्याच आर्सेन गावच्या गरम पाण्याच्या केंद्रात राहिला. तिसरा घरीच थांबला. नेहमीची औषधं आणि आठवड्यातून एकदा सामूहिक व्यायाम. पहिले दोन गट परत आल्यावर त्यांनाही तोच आठवड्याचा व्यायाम लावला आणि सगळ्यांवर एकूण ४० आठवडे लक्ष ठेवलं.

चौथ्या आठवड्यात पाण्याला गेलेले दोन्ही गट घरच्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे होते : वेदना, सकाळचा ताठरपणा, रोजची कामं जमणं, एकूण बरं वाटणं, या सगळ्यांचा मिळून हिशेब धरला तर. सोळाव्या आठवड्यातही पुढे होते, पण आर्सेनवाल्यांची आघाडी आटली होती. २८ व्या आठवड्यात फक्त ऑस्ट्रियाचा गट पुढे उरला आणि चाळिसाव्यात तोही फरक धूसर झाला. थोडक्यात, तीन आठवड्यांच्या मुक्कामाचा लाभ काही महिने पुरला.

आता यातली मेख. तीन आठवडे ही माणसं नुसती पाण्यात डुंबत नव्हती. रोज सामूहिक व्यायाम, चालणं, पाण्यातले व्यायाम, खेळ आणि पाठ सरळ ठेवून उताणं पडून राहणं असा भरगच्च कार्यक्रम होता. शिवाय ऑफिस नाही, स्वयंपाक नाही, समोर आल्प्स. घरी थांबलेल्यांना असली रजा मिळाली नव्हती. आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं, ते लपवता येण्यासारखंही नव्हतं. त्यामुळे फरकातला किती वाटा पाण्याचा आणि किती बाकीच्याचा, हे हा अभ्यास वेगळं करून दाखवत नाही.

कॉक्रेन या संस्थेने २००८ साली ए. एस.मधल्या व्यायामोपचारांच्या अकरा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा घरचा व्यायाम बरा, घरच्यापेक्षा देखरेखीखालचा सामूहिक व्यायाम बरा, आणि नुसत्या सामूहिक व्यायामापेक्षा आधी पाण्याच्या केंद्रातला मुक्काम व मग सामूहिक व्यायाम बरा, अशी उतरंड त्यात दिसली. या उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर व्यायाम आहे, एवढं ध्यानात ठेवा.

गुण उष्णतेचा की पाण्यातल्या खनिजांचा?

माझं मत : बराचसा उष्णतेचा आणि तरंगण्याचा, खनिजांचा असलाच तर थोडा.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचा साधारण निम्माच भार येतो. गळ्याएवढ्या पाण्यात तो दहाव्या हिश्शापर्यंत उतरतो. आखडलेल्या पाठीला एवढी सवलत जमिनीवर कुठेच मिळत नाही. गरम पाण्याने स्नायूंची पकड सुटते आणि वेदना काही काळ दबते. त्या वेळात जो माणूस जमिनीवर मान वीस अंशही वळवत नाही, तो पाण्यात पुष्कळ पुढे जातो. गंजलेल्या बिजागरीत तेल सोडल्यावर दार लगेच चार-पाच वेळा हलवून घ्यावं लागतं, तसंच हे. नुसतं तेल घालून सोडून दिलं तर उपयोग नाही.

खनिजांबद्दल सांगायचं तर हंगेरीत काही चाचण्यांमध्ये खनिज पाण्याची साध्या गरम केलेल्या नळाच्या पाण्याशी तुलना झाली आहे आणि खनिज पाणी थोडं सरस ठरलं आहे. पण त्या गुडघ्याची झीज, साधी कंबरदुखी अशा त्रासांवरच्या होत्या. त्यावरून ए. एस.बद्दल छातीठोक बोलता येत नाही. गंधकाच्या वासाला औषधी मानायची आपली सवय आहे. उग्र वास आला म्हणजे पाण्यात जास्त गुण, असं मात्र काही नसतं.

ऑस्ट्रियातला तो बोगदा काय प्रकार आहे? तिथे किरणोत्सर्ग असतो म्हणतात.

असतो, आणि मुद्दाम त्याचसाठी लोक जातात. बाड गास्टाइनजवळ बॉकश्टाइन इथे १९४० च्या दशकात सोन्यासाठी डोंगरात बोगदा खणला. सोनं हाती लागलं नाही, पण आतल्या दमट उकाड्यात काम करणाऱ्या मजुरांची सांधेदुखी कमी झाल्याचं बोललं जाऊ लागलं. मग तपासण्या झाल्या आणि १९५२ पासून तिथे रीतसर उपचार सुरू झाले. रुग्ण छोट्या गाडीत बसून डोंगराच्या पोटात जातात आणि बाकांवर पडून राहतात. आत तापमान ३७ ते ४१.५ अंश, आर्द्रता ७० ते १०० टक्के. आपल्या कोकणातल्या मे महिन्याच्या वरताण! हवेत रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू. डच अभ्यासातला ऑस्ट्रियाचा गट याच बोगद्यात जात होता.

त्या गटाचा गुण जास्त टिकला म्हणून रेडॉनचे समर्थक त्याकडे बोट दाखवतात. मला ते पुरेसं वाटत नाही. दोन ठिकाणांत हवा, डोंगर, घरापासूनचं अंतर, असे कितीतरी फरक होते. दुसऱ्या बाजूला, घरांत साठणारा रेडॉन हे धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचं मोठं कारण मानलं जातं. उपचारात मिळणारी मात्रा थोड्या तासांची आणि कमी असते हे खरं. तरी या आजाराचा इतिहास पाहता मी सावध राहतो. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात ए. एस.च्या चौदा हजारांवर रुग्णांच्या पाठीला क्ष-किरणांचे उपचार दिले गेले. दुखणं थांबायचं, रुग्ण खूश. पुढे कोर्ट ब्राउन आणि डॉल या संशोधकांनी त्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचं, प्रमाण वाढलेलं आढळलं. बोगद्यातली मात्रा त्याच्या जवळपासही नाही, पण 'बरं वाटलं' आणि 'निर्धोक आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून कळतं. गरोदर बाईने तिथे जाऊ नये. धूम्रपान करणाऱ्याने आधी सिगारेट सोडावी, मग बोगद्याचा विचार करावा.

डॉक्टर 'बासडाय'चा आकडा काढतात. त्याचा आणि इंग्लंडच्या बाथ शहराचा काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे. बासडायमधला 'बा' म्हणजे बाथ. तिथल्या झऱ्यांतून रोज दहा लाख लिटरहून जास्त पाणी सुमारे ४६ अंशांवर वर येतं. रोमनांनी तिथे स्नानगृहं बांधली. १७३८ साली तिथे गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापन झालं. बाहेरगावच्या रुग्णाला भरती होताना अनामत ठेवावी लागे : बरा झाला तर परतीच्या भाड्यासाठी, नाही झाला तर त्याला पुरण्यासाठी. हेच रुग्णालय पुढे संधिवाताचं राष्ट्रीय केंद्र झालं. ए. एस.चे रुग्ण तिथे गटाने भरती होत, दोन-तीन आठवडे जमिनीवर आणि पाण्यात कसून व्यायाम करत.

एवढे रुग्ण एका छताखाली आले की मोजमाप काटेकोर करावंच लागतं. १९९४ मध्ये तिथूनच बासडाय (आजार किती जागा आहे), बासफाय (रोजची कामं किती जमतात) आणि बासमी (कणा किती हलतो) हे निर्देशांक निघाले. बासडायमध्ये थकवा, पाठ-मान-खुब्याचं दुखणं, इतर सांधे, दाबल्यावर होणारी वेदना आणि सकाळचा ताठरपणा यांवर सहा प्रश्न असतात आणि शून्य ते दहा असा आकडा येतो. चार किंवा जास्त म्हणजे आजार जागा आहे. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात तुम्ही भरता तो कागद असा एका झऱ्याच्या गावाहून आला आहे.

पाण्याला जाण्याआधी आणि आल्यावर हा आकडा स्वतः काढून वहीत लिहा. 'बरं वाटतंय' यापेक्षा ते जास्त कामाचं.

वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ-राजवाडी इथे जाऊ का? परदेशात जाणं परवडत नाही.

जा, पण काय मिळणार आणि काय नाही हे समजून जा.

ठाणे जिल्ह्यात तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, रत्नागिरीत दापोली तालुक्यात उन्हवरे आणि संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी, आरवली, महाडजवळ सव, नांदेडमध्ये किनवटकडे उनकेश्वर. झऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. कोकणातले झरे ज्वालामुखीमुळे तापलेले नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं.

जे मिळत नाही ते असं : कुंडावर फिजिओ नसतो, तापमान राखलेलं नसतं, धरायला कठडा नसतो आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं. काही कुंडांचं पाणी अंग भाजेल इतकं गरम असतं. थेट उतरू नका, बादलीत घेऊन विसण घाला. गर्दीच्या दिवशी शेकडो माणसं एकाच पाण्यात उतरतात. ए. एस.साठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनवर असलेल्याने अशा दिवशी कुंडात शिरूच नये, काठावर बादलीने अंघोळ करावी.

नाकात पाणी जाऊ देऊ नका, बुडी मारू नका. कोमट, साचलेल्या नैसर्गिक पाण्यात नेग्लेरिया हा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूत गेला तर माणूस सहसा वाचत नाही. केरळात अलीकडे अमीबाच्या मेंदूज्वराच्या बातम्या आल्या, त्यांतला एक अपराधी हाच. बाथमध्येही १९७८ साली तिथल्या झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अशाच संसर्गाने दगावली, स्नान बंद झालं आणि नवं केंद्र उघडायला २००६ उजाडलं. घटना दुर्मीळ आहे, पण टाळणं सोपं आहे : डोकं पाण्यावर ठेवा.

देवदर्शन, कुंड, घरच्यांबरोबर दोन दिवस, याने मन हलकं होतं आणि त्याचीही किंमत आहे. पण दोन दिवसांच्या सहलीची तीन आठवड्यांच्या उपचाराशी बरोबरी करू नका.

पाण्याने बरं वाटलं तर गोळ्या-इंजेक्शन बंद करू का?

नाही.

सूज आतून धुमसत असते, आणि दुखणं कमी झालं म्हणजे ती विझली असं नव्हे. पाणी मणक्यांना जुळण्यापासून थांबवतं असा पुरावा नाही. सुजेवरच्या वेदनाशामक गोळ्या हा पहिला उपाय. त्या पुरल्या नाहीत तर अडॅलिमुमॅब, इटॅनरसेप्ट, सेक्युकिनुमॅब अशी इंजेक्शनं किंवा टोफासिटिनिबसारख्या गोळ्या. इंजेक्शनांपूर्वी आपल्याकडे क्षयरोगाची तपासणी करतातच, ती चुकवू नका. मात्रा कमी करायची असेल तर ते डॉक्टरांबरोबर बसून ठरवा, कुंडाच्या काठावर नाही.

कोणी पाण्यात उतरू नये?

ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग असलेल्यांनी नाही. ज्यांच्या हृदयाचं दुखणं आटोक्यात नाही त्यांनी नाही. ए. एस.मध्ये काहींच्या हृदयाची महाधमनीची झडप गळते किंवा ठोक्यांच्या वहनात अडथळा येतो. गळ्याएवढ्या पाण्यात उतरलं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर ताण येतो. असं काही निदान असेल तर आधी विचारा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पाण्यातून झटक्यात उठू नका. मधुमेहाने पाय बधिर असतील तर पाण्याची ऊब कोपराने पाहा. टीएनएफ-रोधक (अडॅलिमुमॅब, इटॅनरसेप्ट अशा) इंजेक्शनवर असलेल्यांना लिजिओनेला या जिवाणूचा न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते, आणि तो बुडबुड्यांच्या अस्वच्छ टबांतून पसरतो. हॉटेलातल्या जाकुझीचा मोह म्हणून टाळा.

आणि सर्वांत महत्त्वाचं : मणके जुळलेले असतील तर घसरून पडणं हा खरा धोका आहे. जुळलेला कणा आतून ठिसूळ असतो, साध्या पडण्यानेही मोडतो, बहुतेकदा मानेत खालच्या बाजूला. पडल्यानंतर मानेत किंवा पाठीत नवं दुखणं सुरू झालं तर 'मुका मार असेल' म्हणून शेकत बसू नका. मान ज्या स्थितीत आहे तशीच आधार देऊन रुग्णालय गाठा. साध्या एक्स-रेत दिसलं नाही तर सीटी स्कॅनचा आग्रह धरा.

किती गरम पाणी, किती वेळ?

व्यायामासाठी साधारण ३३ ते ३६ अंश, नुसतं बसण्यासाठी ३६ ते ३८. दहा ते वीस मिनिटं. बाहेर आल्यावर पाणी प्या, थोडं पडून राहा. जास्त गरम म्हणजे जास्त गुण, हा हिशेब इथे चालत नाही.

गावातल्या पोहण्याच्या तलावात गेलं तर चालेल?

उत्तम चालेल. थंडीत पाणी गार लागतं, म्हणून आधी जमिनीवर अंग तापवून घ्या. उताणं पोहणं या आजाराला फार मानवतं, छाती उघडते. मान वळत नसेल तर श्वासासाठी डोकं फिरवावं लागतं ते प्रकार त्रास देतात. तोंडाला नळी आणि मास्क लावून पोहा. लोक बघतील, बघू देत. पोहता येत नसेल तर छातीएवढ्या पाण्यात नुसतं चाला, पुढे, मागे, बाजूला. सूर मारणं मात्र कायमचं बंद.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा २०१९ चा सल्ला तर पाण्यातल्यापेक्षा जमिनीवरच्या व्यायामाकडे झुकतो, मुख्यतः कारण तो कुठेही करता येतो. तलाव लांब आहे म्हणून हळहळू नका.

मालिश, पंचकर्म, हाडवैद्य?

तेलाचं हलकं मालिश आणि शेक घ्यायला हरकत नाही, सुखावह असतं. पाठीवर पाय देणं, मान कटकन मोडणं, झटके देऊन 'मणका बसवणं' हे अजिबात नको. वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या सल्ल्यात मणके जुळलेल्या किंवा हाडं फार ठिसूळ झालेल्या रुग्णांना असे झटके देण्याविरुद्ध ठाम शब्दांत बजावलं आहे.

पाण्यातून आल्यापासून एक डोळा लाल आहे. क्लोरीन असेल ना?

दोन्ही डोळे चुरचुरत असतील तर असेलही. एकच डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय, तर तो युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, समजा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. ए. एस.च्या बऱ्याच रुग्णांना तो कधी ना कधी होतो. उशीर केला तर नजरेला इजा होते.

मृत समुद्राचा चिखल आणि मीठ ऑनलाइन मिळतं. घ्यावं का?

मृत समुद्र जगाच्या समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून खाली आहे आणि त्याचं पाणी साध्या समुद्राच्या आठ-दहा पट खारट. तिथला ऊन-पाण्याचा उपचार सोरायसिससाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे सोरायसिस असलेले संधिवाताचे रुग्णही जातात. पण पुडीतलं मीठ बादलीत टाकून तो समुद्र घरी येत नाही. पैसे वाचवा.

मी जर्मनीत नोकरी करतो. तिथे विम्यातून असा उपचार मिळतो का?

मिळू शकतो. जर्मनीत नोकरदारांना पेन्शन विम्यातून पुनर्वसनाचा मुक्काम मंजूर होतो, साधारण तीन आठवड्यांचा. डॉक्टरांच्या शिफारशीसह अर्ज करावा लागतो. तिथे हा आजार 'मोर्बुस बेख्तेरेव' नावाने जास्त ओळखला जातो, चौकशी त्याच नावाने करा. १९८० पासूनची रुग्णसंघटनाही आहे. तिचे गावोगाव व्यायामाचे गट चालतात, पाण्यातलेही. माझ्या मते मुक्कामापेक्षाही हा गट जास्त मोलाचा, कारण तो वर्षभर मिळतो.

घरी, बादली-तांब्यात यातलं काय जमेल?

पुष्कळ. सकाळची अंघोळ लवकर करा, खांद्यांवर, पाठीवर, कमरेवर सावकाश गरम पाणी घ्या. न्हाणीघरात रबरी मॅट टाका. तिथे व्यायाम करू नका, घसराल. अंग पुसून लगेच, ऊब आहे तोवर, पंधरा-वीस मिनिटं व्यायाम : भिंतीला टाचा, कुल्ले, खांदे आणि जमेल तितकं डोकं टेकवून उभं राहणं, मान दोन्हीकडे वळवणं, पाठीचा बाक उलटा करणं, छाती फुगवून खोल श्वास. मग पंधरा मिनिटं पालथं पडा. मान वळत नसेल तर कपाळाखाली दुमडलेला टॉवेल घ्या. देवपूजा, डबा, लोकल हे सगळं त्यानंतर. अंघोळ करून चहा घेत पेपर वाचायला बसलात तर ऊब निघून जाते आणि अंग पुन्हा आखडतं. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा ए. एस.च्याच आणखी दोघा-तिघांना बोलवा आणि एकत्र करा, एकट्याने व्यायामाची टाळाटाळ फार होते.